नॅन्सी आर्चरची घोडी

“तुम्ही नेमकं काय करता हो?” हा प्रश्न मला दर दिवाळीला, फराळाच्या ताटासमोर, हमखास विचारला जातो. सिंगापुरात बिशानच्या आमच्या फ्लॅटवर जमणारी मंडळी म्हणजे बहुतेक जहाजांवरचे इंजिनिअर, त्यांच्या बायका आणि इथल्या युनिव्हर्सिटीत संशोधन करणारी दोन-चार मुलं. प्रत्येकाचं काम एका वाक्यात सांगता येतं. माझंही येतं, पण ते ऐकून समोरच्याची चकली हातातच राहते.

“दोनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन लोकांवर किती टॅक्स बसला होता, ते बघते.”

“म्हणजे इन्कम टॅक्समध्ये आहात?”

“नाही. घोडे, गाई, घड्याळं, असं.”

इथे माझे यजमान संभाषण ताब्यात घेतात. ते चीफ इंजिनिअर आहेत. वर्षातले बरेच महिने समुद्रावर असल्यामुळे घरी आले की बोलण्याचा अनुशेष भरून काढतात. “अहो, मी नसतो ना, म्हणून हिने मेलेली माणसं धरली आहेत. ती कुठे जात नाहीत.” मुलगी तिच्या खोलीतून ओरडते, “डॅडी, डोन्ट स्टार्ट लाह!” आणि विषय संपतो. यंदा या दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं, एकदा लिहूनच टाका. मलाही पटलं. पुढच्या वर्षी कोणी विचारलं की अंक हातात देईन आणि शांतपणे चहा करायला जाईन.

माझी मालकीण डॉरिस ही मूळची अमेरिकेच्या दक्षिण भागातली. तिचा नवरा तेलाच्या कंपनीत आहे. पूर्वज शोधण्याचा तिला नाद होता आणि त्याचा पुढे छोटासा व्यवसाय झाला. सिंगापुरात अमेरिकन माणसं पुष्कळ आणि घरापासून लांब आलं की माणसाला खापरपणजोबा आठवायला लागतात. आपलंही तेच आहे. पुण्यात असताना वीतभर मूर्ती बसवणारी माणसं इथे येऊन हातभर गणपती मागवतात.

डॉरिसने तोआ पायोहच्या भर बाजारात, एका दातांच्या दवाखान्यावरची खोली भाड्याने घेतली होती. खोलीत मायक्रोफिल्म वाचायची दोन जुनी यंत्रं आणि त्यांच्या तब्येतीसाठी लावलेला एसी. तो इतका गार की मी बाराही महिने शाल घेऊन जात असे. मुलाखतीत डॉरिसने मला यंत्राच्या पडद्यावरचं एक पान दाखवलं आणि वाचायला सांगितलं. शाईचे डाग, वेलांट्यांची जत्रा, निम्मे शब्द तोडलेले. मी घडाघड वाचलं. ती थक्क झाली. “हे तू कुठे शिकलीस?” मी म्हटलं, पुण्यात लग्नाआधी विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर होते. डॉक्टरांची अक्षरं वाचून वाचून डोळे तयार झालेत.

आता धंदा समजावून सांगते. अमेरिकेत राज्याखाली काउंटी असते. आपला जिल्हा आणि तालुका यांच्या मधलं काहीतरी समजा. तिथे दरवर्षी आपल्या तलाठ्यासारखा एक माणूस नेमलेला असे. तो ठरलेल्या दिवशी ठरलेल्या ठिकाणी बसे, आणि घरोघरचे कर्ते येऊन सांगत: वयात आलेले पुरुष इतके, घोडे इतके. या याद्यांची एक प्रत काउंटीच्या कचेरीत राही आणि एक राज्याच्या राजधानीला जाई. त्या दुसऱ्या प्रतीवर माझं पोट चाललं. काउंटीच्या कचेऱ्या आगीत, पुरात, युद्धात गेल्या. जन्म, लग्न, मृत्युपत्रं, सगळं गेलं. टॅक्सची प्रत मात्र सरकारने जपून ठेवली. कुठलंही सरकार काय जपतं, हे त्यावरून कळावं.

एका वर्षाची यादी वाचून काही कळत नाही. गंमत आहे ती वर्षामागून वर्षं वाचण्यात. एखाद्या घरात वयात आलेला पुरुष एक असतो, पुढच्या वर्षी दोन होतात: मुलगा मोठा झाला. त्यानंतर मुलगा स्वतंत्र नावाने दिसतो, एका घोड्यासह: वेगळा निघाला. मग बापाचं नाव जाऊन त्या जागी एका बाईचं नाव येतं: बाप गेला, आई कर्ती झाली. कोणी कोणाला पत्र लिहिलेलं नसतं, तरी घर डोळ्यांसमोर उभं राहतं. याद्या अर्धवट अक्षरानुक्रमे आणि अर्धवट तारखेप्रमाणे असतात. एकाच तारखेला कोण कोण आले, हे मी नेहमी वेगळं टिपून ठेवत असे. एकाच गाडीतून आलेली माणसं बहुधा व्याही नाहीतर शेजारी निघत.

गिऱ्हाइकांचे नमुने पुष्कळ. एक बाई होत्या, अतिशय धर्मनिष्ठ. त्यांच्या सात पिढ्यांत म्हणे दारू, पत्ते, जुगार, काही नव्हतं. त्यांचे पूर्वज मला लगेच सापडले. घोडे चार, घोडागाडी एक आणि बिलियर्ड टेबल एक. त्या काळी बिलियर्ड टेबलवर जबर टॅक्स होता आणि ते खाणावळीत, गुत्त्यात ठेवत. अख्ख्या काउंटीत ते एकच टेबल. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि छताकडे बघत बसले. त्या बराच वेळ वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, “त्यावर कपडे वाळत घालत असतील.”

“शक्य आहे,” मी म्हटलं. गिऱ्हाइकाच्या पूर्वजाशी भांडू नये, हा माझा पहिला नियम.

दुसरे एक गृहस्थ आपल्या एका पूर्वजावर खट्टू होते. तीन काउंट्यांत नाव सापडलं, म्हणजे कुठेच धड टिकला नाही, भटक्या. मी त्यांना नकाशे दाखवले. तो माणूस जन्मभर एकाच झोपडीत राहिला होता. काउंट्याच फुटत गेल्या आणि त्याच्या दारावरून सीमा सरकत गेल्या. मला हे पटकन सुचलं, कारण माझं आजोळ कुडाळचं. आमचे मामा एका सकाळी रत्नागिरी जिल्ह्यात उठले आणि दुसऱ्या सकाळी सिंधुदुर्गात. त्यासाठी त्यांना अंगणसुद्धा ओलांडावं लागलं नाही.

आपलं मराठी डोकं या कामात कधी कधी फार उपयोगी पडतं. त्या याद्यांमध्ये एकाच नावाच्या दोन माणसांपुढे सीनिअर आणि ज्युनिअर लिहिलेलं असतं. बहुतेक अमेरिकन लगेच ठरवतात की हे बापलेक. जिवंत बापाचं नाव मुलाला ठेवायचं, ही कल्पनाच माझ्या गळी उतरत नव्हती. आपल्याकडे आजोबा गेले की नातवाला त्यांचं नाव मिळतं, रांग लागलेली असते. म्हणून मी प्रत्येक जोडी तपासत असे आणि त्यातले कितीतरी काका-पुतणे निघत, काही तर एकमेकांचे कोणीच नसत. त्या काळी त्या शब्दांचा अर्थ थोरला आणि धाकटा इतकाच होता. डॉरिस कौतुकाने सगळ्यांना सांगायची, “सूला फसवता येत नाही.” माझं नाव सुनंदा, पण इतकं लांब तिला झेपत नसे.

पुढे त्याच मराठी डोक्याने मला असं काही फसवलं की ते सांगण्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला.

कॅल्विन बेल आमच्याकडे आला तो माझ्या यजमानांमुळे. तो जहाजं तपासणारा सर्व्हेअर. उंचापुरा, कृष्णवर्णीय अमेरिकन, आणि आवाज इंजिनरूममध्येही ऐकू जाईल असा. यजमानांच्या बोटीची तपासणी करताना दोघांच्या गप्पा झाल्या आणि पुढच्या शनिवारी हा माणूस दातांच्या दवाखान्याचा जिना चढून आमच्या दारात उभा.

“मिसेस के,” तो म्हणाला. आमचं आडनाव कानिटकर; त्याने प्रयत्नच केला नाही. “तुम्ही व्हर्जिनियाच्या याद्या वाचता असं कळलं. माझ्या आत्याला चर्चमध्ये परत पाठवायचंय.”

मी खुर्ची पुढे केली.

आत्याचं नाव लव्हिनिया. नव्वदीला आलेली, अविवाहित, गावातल्या शाळेतून निवृत्त झालेली. कॅल्विनला लहानपणापासून तिनेच वाढवलं. तिच्या घरात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जायची: आपण जन्मतः मोकळी माणसं. अमेरिकेत गुलामगिरी संपली ती तिथल्या यादवी युद्धानंतर. त्याआधीही थोडीफार काळी कुटुंबं स्वतंत्र होती, आपापली कामं करत होती, टॅक्स भरत होती. आत्याचे आजोबा, मोझेस आर्चर बेल, त्यांच्यापैकी एक, असं तिचं म्हणणं. आता त्यांच्या चर्चचा मोठा वर्धापनदिन येत होता. त्यानिमित्त एक पुस्तिका निघणार होती, आणि त्यात गावातल्या मूळच्या स्वतंत्र कुटुंबांची नावं. समितीने प्रत्येकाकडे पुरावा मागितला. आत्याकडे कागद नव्हता, कारण त्या काउंटीची कचेरी त्याच युद्धात जळाली होती. समितीचा अध्यक्ष तिच्याच हाताखाली शिकलेला. तो नम्रपणे म्हणाला, “मिस बेल, प्रत्येकाचेच आजोबा मोकळे होते म्हणे.”

“त्या रविवारपासून आत्या चर्चला गेलेली नाही,” कॅल्विन म्हणाला. “आयुष्यभर एका बाकावर बसली. आता रविवारी घरात बसते आणि रेडिओवरच्या पाद्र्याच्या चुका काढते.”

“पुस्तिका कधी छापायला जाणार?”

“ईस्टरच्या आधी.”

मी कॅलेंडरवर खूण केली. मग विचारलं, कारण मला ते माहीत असलेलं बरं असतं: “तुमचा विश्वास आहे तिच्या सांगण्यावर?”

तो जरा अवघडला. “मी सर्व्हेअर आहे, मिसेस के. हातोडीने ठोकून आवाज ऐकल्याशिवाय मी कुठल्या पत्र्यावर सही करत नाही. लहानपणापासून मी तिला म्हणत आलोय, आत्या, कागद कुठे आहे? तेव्हा कागद शोधा.”

मी कार्ड भरलं. कॅल्विन, त्याचे वडील, त्यांचे वडील सॅम्युएल, त्यांचे वडील मोझेस आर्चर बेल. पुढचा रकाना मोझेसच्या वडिलांचा. नाव तर समोरच होतं. मोझेस आर्चर बेल. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: आर्चर बेल. मराठी वाचकांना यात काही खटकणार नाही याची मला खात्री आहे, कारण मलाही खटकलं नव्हतं. आपलं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. जगात दुसरी पद्धत असेल हे मला तोंडाने माहीत होतं, हाताला माहीत नव्हतं. माझी कार्डं इतकी नीटनेटकी असत की डॉरिसनेही कधी उलटून प्रश्न केला नाही.

त्या काउंटीच्या याद्यांची रिळं अमेरिकेहून मागवली. टपालाने यायला आठवडे लागत. रीळ यंत्रावर चढवायचं आणि हँडल फिरवत हवं ते वर्ष, हवं ते अक्षर गाठायचं. मी प्रत्येक वर्षाच्या ‘ए’ या अक्षरावरून भर्रकन पुढे जाऊन ‘बी’वर थांबत होते. बेल सापडत. गोरे बेल, त्यांच्यापुढे घोडे. आर्चर बेल कुठेच नाही. मोझेस बेलही नाही. आणखी वर्षं, आणखी रिळं. कॅल्विन बंदरातलं काम आटोपून यायचा, दारातूनच माझा चेहरा बघायचा आणि खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपरीवरून दोन कॉफी घेऊन यायचा. एकदा तो माझ्या मागे उभा राहून पडदा बघत होता. घोड्यांच्या रकान्याच्या डाव्या अंगाला आणखी एक रकाना होता, नुसत्या आकड्यांचा.

“हे काय?”

“त्या माणसाचे गुलाम,” मी म्हटलं. “सोळा वर्षांवरचे.”

“नावं?”

“नावं बहुतेक वर्षी लिहीत नाहीत. फक्त संख्या.”

त्याने बोट पडद्यावर ठेवलं, तो रकाना वरपासून खालपर्यंत उतरला आणि कॉफीचे कप उचलून धुवायला घेऊन गेला. ते कप प्लास्टिकचे, फेकून द्यायचे होते. इतकी वर्षं मी तो रकाना घोड्यांच्या रकान्यासारखाच न थांबता उतरवून घेत आले होते, कारण नाती जुळवायला तो लागत नसे. त्यानंतर मला तो तसा उतरवता आला नाही.

जानेवारी संपत आला तेव्हा मी ठरवलं की आता आत्याशीच बोलायचं. इथे संध्याकाळ म्हणजे तिथे सकाळ. ऑफिसचा फोन स्पीकरवर टाकला. एका बाजूला कॅल्विन, एका बाजूला मी, समोर कोरा कागद. पलीकडून खणखणीत आवाज आला. नव्वदीच्या बाईचा म्हणून मी सांभाळून बोलायची तयारी केली होती, ती फुकट गेली.

“बोल पोरी. माझा चहा गार होतोय.”

“आधी तुमचं पूर्ण नाव सांगा.”

“लव्हिनिया आर्चर बेल.”

माझं पेन थांबलं. “तुमच्या वडिलांचं नाव आर्चर होतं?”

“माझ्या वडिलांचं नाव सॅम्युएल. कॅल्विन, तू या बाईला काही सांगितलं आहेस की नुसता पैसे देतोयस?”

“सांगितलंय, आत्या.”

“मग आर्चर कोण?” मी विचारलं.

“कोण म्हणजे? आम्ही सगळे! माझी बहीण रूथ आर्चर, एस्तर आर्चर. कॅल्विनचा बाप थिओडोर आर्चर. त्या ढेंगाळ्याचंही मधलं नाव तेच आहे.”

मी ढेंगाळ्याकडे बघितलं. त्याने खांदे उडवले. “मी सी. ए. बेल अशी सही करतो. तुम्ही कधी विचारलं नाहीत.”

दारात डॉरिस उभी होती. तिने तोंडावर हात ठेवला होता आणि हसू बोटांमधून सांडत होतं. “सू! तू इतके दिवस आर्चर नावाचा बाप शोधत होतीस?”

“आमच्याकडे मधे बापच असतो!” मी जरा चढ्या आवाजात म्हटलं.

“आमच्याकडे मधे कोणीही असतं. आणि असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं मधलं नाव म्हणजे बहुतेक वेळा आईचं माहेरचं आडनाव.”

आईचं. मी खुर्चीत नीट बसले. त्या काळचा व्हर्जिनियाचा कायदा मला तोंडपाठ होता. मूल गुलाम की मोकळं, हे आईवरून ठरत असे. बाप कोणी का असेना. आत्याचं म्हणणं खरं असेल तर ते एका बाईच्या जिवावर खरं असणार होतं, आणि मी मात्र बापाच्या मागे लागून दर वेळी त्या बाईच्या अक्षरावरून हँडल फिरवत पुढे निघून गेले होते.

“पोरी, आहेस का?” फोन म्हणाला.

“आहे. तुमचा चहा प्या. मला जरा काम आहे.”

दुसऱ्या दिवशी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मला बसायला जागा होती तरी मी उभीच होते. शटर उघडलं, एसी लावायचंसुद्धा सुचलं नाही. पहिलं रीळ चढवलं आणि ‘ए’वर थांबले. बायका या याद्यांत सहसा नसतातच. त्यांच्याकडे टॅक्स बसण्याजोगं काही असेल तरच येतात. आर्चर नावाचे दोन गोरे शेतकरी आणि त्यांच्याखाली, वेगळ्या तारखेला आलेली: नॅन्सी आर्चर, स्वतंत्र, काळी. पुरुष नाही. गुलाम नाहीत. घोडा, एक.

त्या एका घोड्यामुळे ती कागदावर आली होती. तो नसता तर सरकारला तिच्यात काही रस नव्हता.

मग भराभर सगळं हाती येत गेलं. स्वतंत्र काळ्या लोकांची एक निराळी यादीही ते लोक काही वर्षं करत असत, पाळत ठेवण्यासाठी. माझ्यासाठी मात्र ती सोन्याची खाण ठरली. त्यात नॅन्सी आर्चर, सूत कातणारी, अमक्या ओढ्याकाठी, मुलं बरोबर. पुढच्या काळात त्याच ओढ्याकाठी मोझेस आर्चर, नॅन्सीचा मुलगा, पिंपं बनवणारा, बायको केझाया. आणि युद्धानंतरच्या जनगणनेत, तोच ओढा, तोच धंदा, तीच केझाया, पण नवऱ्याचं नाव आता मोझेस ए. बेल. मी प्रत्येक पानाच्या प्रती काढल्या, समासात खुणा केल्या, एका पानाचा खुलासा टाइप केला आणि समितीला फॅक्स केला. अध्यक्षाचा उलट फॅक्स आठवड्याने आला. नाव पुस्तिकेत घेतलं आहे, आणि येत्या रविवारी मिस बेल यांना चर्चला न्यायला मी स्वतः गाडी घेऊन येत आहे.

त्या रविवारी आम्ही फोन लावला. आमची रात्रीच्या जेवणाआधीची वेळ, तिची सकाळची. यजमान रजेवर होते, तेही आले. सुट्टीच्या दिवशी बायको मेलेल्या माणसांसाठी ऑफिसला जाते म्हणजे काय, ते त्यांना बघायचं होतं. मी ओळ वाचून दाखवली. नॅन्सी आर्चर, स्वतंत्र. घोडा, एक.

पलीकडून लगेच प्रश्न आला, “घोडा की घोडी?”

“यादीत दोन्ही एकाच रकान्यात असतात. सांगता येणार नाही.”

“घोडीच असणार. गरीब बाई घोडा कशाला पोसेल? पुढच्या वर्षीचं बघ.”

मी प्रत उलटली. “पुढच्या वर्षी दोन आहेत.”

“मग! घोडी होती आणि शिंगरू झालं. शोधायला तुला पाठवतात आणि सांगावं मला लागतं.”

यजमान भिंतीकडे तोंड करून हसत होते. मला बरंही वाटत होतं आणि एक गोष्ट राहिली होती तीही सांगायची होती. अर्धवट काम पूर्ण म्हणून खपवणं मला जमत नाही.

“एक मात्र मला सापडलं नाही,” मी म्हटलं. “मोझेसचे वडील. बेल नावाचं कोणीही स्वतंत्र काळ्या लोकांत नाही. ते बहुतेक ओढ्याकाठच्या कोणा गोऱ्या बेलच्या नावापुढे असतील. आकड्यात.”

“ते मला माहीत आहे.”

कॅल्विनने मान वर केली.

“आयझॅक,” आत्या म्हणाली. “ओढ्यापलीकडे बेलांचा मळा होता, तिथला. शनिवारी अंधार पडला की यायचा, सोमवारी उजाडायच्या आत परत. मोझेसला कागदावर आर्चर लिहायचे, कारण कायदा आईचा होता. युद्ध संपलं, तो कायदा गेला, तेव्हा मोझेस पन्नाशीला आला होता. तरी त्याने पहिलं काम केलं ते बापाचं नाव लावलं. बापाला त्यांनी कुठे लिहिलं नव्हतं ना, म्हणून स्वतःला त्या नावाने लिहायला लावलं. मालकाचं आडनाव होतं ते, मोझेसला काय कळत नव्हतं? पण बापाला लोक त्याच नावाने हाका मारायचे. आणि आईचं नाव त्याने टाकलं नाही, मधे ठेवलं. तिच्यामुळे तो मोकळा जन्मला होता. तुम्हाला काय वाटलं, एवढी दोन-दोन आडनावं आम्ही हौसेने वागवतो?”

कॅल्विनचा तो दणदणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे. “आत्या, हे तू मला कधीच सांगितलं नाहीस.”

“तू कधी विचारलंस? तू विचारायचास, कागद कुठे आहे.”

त्याने खुर्ची फोनजवळ ओढली. “मग आता सांग. सगळं.”

“आता? आता मी टोपी घालून बसले आहे, आणि तो गाढव दारात हॉर्न वाजवतोय. त्याला जरा वाजवू दे. उद्या फोन कर. आणि तुझ्या खर्चाने कर, त्या बाईच्या ऑफिसच्या नको.”

फोन बंद झाला. यजमान म्हणाले, आता जेवायला जाऊ या. कॅल्विन हो म्हणाला आणि उठला नाही. मी तोवर कार्ड काढलं, मोझेसच्या वडिलांच्या रकान्यातली माझी चूक नीट एका रेघेने खोडली आणि वर लिहिलं: आयझॅक बेल. त्याच्यापुढे पुराव्याचा रकाना असतो. तिथे रिळाचा नंबर आणि पानाचा नंबर लिहायचा असतो. मी लिहिलं: लव्हिनिया आर्चर बेल यांनी सांगितलं. कॅल्विनने माझ्या हातातून पेन घेतलं आणि त्याखाली सही केली, पूर्ण नावाने.